समुद्रतळाचे गरम झरे जुन्या समुद्राला फॉस्फरस देत होते की त्यातून काढून घेत होते?

शंकेखोर

मंडळी, विज्ञान हा माझा प्रांत नाही, दिवसभर बँकेत आकडे जुळवतो, पण पृथ्वीचा जुना इतिहास वाचायचं वेड आहे आणि त्यातूनच हा गुंता झालाय.

एका ठिकाणी वाचलं की साधारण साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी जे हायड्रोथर्मल व्हेंट होते, म्हणजे ती उकळतं पाणी ओकणारी धुराडी, त्यांतून फॉस्फरस बाहेर पडायचा आणि तेव्हाच्या सूक्ष्मजीवांना तो मिळत असावा, आणि म्हणे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या दगडांत याचा पुरावा सापडलाय. बरं, वाचून छान वाटलं. मग दुसरीकडे वाचलं की आजचे व्हेंट समुद्रातला फॉस्फरस कमी करतात, म्हणजे त्यांच्यातून जे लोखंड बाहेर पडतं ते आजूबाजूच्या पाण्यातला फॉस्फेट चिकटवून घेऊन खाली बसतं. आता मला सांगा एकच झरा देतोही आणि घेतोही हे कसं काय? यातलं एक चुकीचं आहे का, की मीच अर्धवट वाचलंय?

दुसरं म्हणजे फॉस्फरसवरच एवढा जोर का? कार्बन, नायट्रोजन, लोह हे सगळं लागतंच ना जिवाला. आणि तिसरं, हे सगळं एवढ्या जुन्या दगडावरून कळतं तरी कसं, कारण साडेतीन अब्ज वर्षं म्हणजे तो दगड किती वेळा दबला, तापला, भिजला असेल, त्यात नंतर काहीही घुसलं असेल की.

सोप्या भाषेत सांगा पण फार सोपं करून फसवू नका.

---

खडकफोड्या

चांगला प्रश्न आहे आणि दोन्ही ठिकाणी बरोबरच लिहिलंय. फरक झऱ्यात नाही, झऱ्याच्या आजूबाजूच्या पाण्यात आहे.

आधी आजचं बघू. मध्य-महासागरी कटक म्हणजे समुद्राखालची जी लांबच लांब डोंगररांग आहे, साधारण ६५ हजार किलोमीटर, तिथे समुद्रतळ फाटत असतो आणि खाली शिलारस जवळ असतो. फटींतून समुद्राचं थंड पाणी आत झिरपतं, खाली ३५०-४०० अंशांपर्यंत तापतं, वरच्या पाण्याचा दाब प्रचंड असल्यामुळे उकळून वाफ होत नाही, आणि या गरम पाण्याची बेसॉल्टशी झटापट होते. मॅग्नेशियम दगडात जातं, पाणी आम्लधर्मी होतं, आणि मग दगडातून लोह, मँगनीज, तांबं, जस्त, हायड्रोजन सल्फाइड असं सगळं घेऊन ते वर उसळतं. बाहेर दोन अंशांचं पाणी. तिथे भेट झाली की धातूंचे सल्फाइड लगेच साखळतात आणि तो काळा धूर दिसतो. १९७७ साली गॅलापागोसजवळ अल्विन पाणबुडीतून अडीच किलोमीटर खोलीवर पहिल्यांदा हे झरे आणि भोवतीचे जीव दिसले, तेव्हा मोहिमेत एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता, सगळे भूगर्भवाले आणि रसायनवाले, प्राण्यांचे नमुने टिकवायला पुरेसं द्रव्य नव्हतं म्हणून काही नमुने व्होडकात बुडवून आणले. काळा धूर ओकणारी धुराडी १९७९ मध्ये मेक्सिकोच्या बाजूला सापडली आणि तिथे तापमापीचं प्लास्टिक वितळलं. असो, विषयाकडे येतो.

त्या पाण्यातलं सगळं लोह सल्फाइड होऊन बसत नाही. उरलेलं लोह आजच्या समुद्रातल्या ऑक्सिजनला भेटतं आणि गंजतं. हे गंजाचे बारीक कण म्हणजे फॉस्फेटचे हावरट गिऱ्हाईक. आजूबाजूच्या पाण्यातला फॉस्फेट ते पृष्ठभागावर ओढून घेतात आणि हळूहळू तळाशी बसतात. शिवाय झऱ्याच्या पाण्यातच मुळात फॉस्फेट साध्या समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी असतो, कारण आत दगडात शिरतानाच तो अडकतो. म्हणून आजचा व्हेंट फॉस्फरसच्या हिशेबात खर्चाच्या बाजूला. हे तुमचं दुसरं वाचन.

आता आर्कियन काळात जाऊ, म्हणजे अडीच अब्ज वर्षांच्या मागे. हवेत ऑक्सिजन जवळपास नाही, समुद्रात नाही. सल्फेटही फार कमी. म्हणजे लोहाला गंजायला काही नाही आणि सल्फाइड होऊन बसायलाही फार काही नाही, ते विरघळलेलंच राहतं आणि समुद्रभर पसरतं. आणि सिलिका भरपूर, कारण आज जे डायटम (सिलिकाचं कवच असलेलं सूक्ष्म शैवाल) आणि स्पंज सिलिका शोषून घेतात ते तेव्हा जन्मालाच आले नव्हते. अशा पाण्यात व्हेंटमधून निघालेलं लोह सिलिकाला पकडून ग्रीनॅलाइट नावाचं हिरवट मातीसारखं खनिज बनवत होतं असं आता बरेच जण मानतात. आणि दगडाच्या फटींत शिरणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन नसल्याने आत गंज तयार होत नव्हता, म्हणून बेसॉल्टमधला फॉस्फरस अडकायच्या ऐवजी सुटून बाहेर येत असावा. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या बिर्गर रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये जे मांडलं ते हे: ३.४६ ते २.४६ अब्ज वर्षांच्या लोहमय खडकांत अॅपेटाइटचे, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचे, नॅनोकण आहेत आणि ते ग्रीनॅलाइटच्या कणांबरोबर मिसळलेले आहेत, म्हणजे दोघं एकाच धुरातून खाली पडले. तुमचं पहिलं वाचन बहुतेक यावरचंच असणार.

फॉस्फरसवर जोर का ते सांगतो. कार्बन हवेत आणि पाण्यात होताच, नायट्रोजन हवेत आहे आणि काही जिवाणू तो ओढून घेऊ शकतात. फॉस्फरसला हवेतला साठाच नाही, तो फक्त दगडातून येतो. डीएनए, पेशीचं आवरण, ऊर्जेचं चलन असलेलं एटीपी, सगळ्यात लागतो आणि त्याला पर्याय नाही. आजच्या समुद्री प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांत, १०६ कार्बन अणूंमागे १६ नायट्रोजन आणि एकच फॉस्फरस असं सरासरी प्रमाण असतं. म्हणजे एक अणू फॉस्फरस मिळाला की शंभरावर कार्बनचा जीव उभा राहतो, आणि नाही मिळाला की बाकी सगळं पडून. आज तो नद्या जमिनीवरून आणतात. पण साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी पाण्याबाहेर आलेली जमीन फारच थोडी होती असं बऱ्याच जणांचं मत आहे, म्हणून दुसरा पुरवठादार शोधायची गरज पडते.

तिसऱ्या प्रश्नाचं नंतर लिहितो, आता फील्डला निघायचंय.

---

लालमाती

खडकफोड्या साहेब, वाचता वाचता हसू आलं, कारण हे लोह आणि फॉस्फेटचं भांडण आम्ही रोज बघतो. मी रत्नागिरीच्या बाजूला फळबागांचं काम करतो. कोकणातली जांभ्याची लाल माती म्हणजे लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडने गच्च भरलेली आणि वर आम्लधर्मी. शेतकरी बिचारा सुपर फॉस्फेट टाकतो आणि माती त्यातला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, असा काही धरून ठेवते की झाडाला त्यातला थोडाच मिळतो. माती परीक्षणात एकूण स्फुरद बघितला तर बरा दिसतो, उपलब्ध स्फुरद बघितला तर बोंब. म्हणून आम्ही शेणखतात मिसळून द्या, मुळांजवळ द्या, रॉक फॉस्फेट वापरा असं सांगत असतो, रॉक फॉस्फेट आम्ल मातीत हळूहळू विरघळतं म्हणून तिथे चालतं, देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत ते तसंच पडून राहतं.

तर माझी शंका इथेच आहे. रॉक फॉस्फेट म्हणजे अॅपेटाइटच की. आणि अॅपेटाइट सहजासहजी विरघळत नाही हे आम्हाला चांगलं माहीत आहे. मग व्हेंटमधून अॅपेटाइटचे कण पडले म्हणून जिवांना खत मिळालं असं कसं म्हणता येईल? पोत्यात खत आहे आणि पिकाला खत मिळालं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दगडात जे सापडलं ते तर उरलेलं, न विरघळलेलं. खाल्लेलं कुठे दिसतंय?

जाता जाता, उदयपूरजवळच्या झामरकोटड्याची रॉक फॉस्फेटची खाण बघण्यासारखी आहे, तिथला फॉस्फेट स्ट्रोमॅटोलाइटमध्ये आहे, म्हणजे जुन्या सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून केलेल्या खांबांमध्ये. तिथे तरी स्फुरद आणि जीव एकाच दगडात हाताला लागतात. तो व्हेंटचा नाही, उथळ समुद्रातला आहे, आणि या आर्कियन प्रकरणापेक्षा बराच नंतरचा.

---

टोचणी

लालमातींनी बरोबर जागी बोट ठेवलंय. मला या व्हेंट प्रकरणाचा एकूणच जरा कंटाळा आलाय, गेल्या काही वर्षांत काहीही झालं की व्हेंट. जीव कुठे जन्मला? व्हेंट. खायला काय होतं? व्हेंट. उद्या म्हणाल पहिलं लग्नही तिथेच लागलं.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. जीव जन्मला कुठे हा एक प्रश्न आणि जन्मल्यावर जगला कशावर हा दुसरा. पहिल्यासाठी लोक काळ्या धुराड्यांकडे फारसे बघतच नाहीत आता, तिथे फार गरम आहे, ते लॉस्ट सिटीसारख्या झऱ्यांकडे बघतात. लॉस्ट सिटी २००० साली अटलांटिकच्या मध्यात सापडलं, तिथलं पाणी ४० ते ९० अंशच, अल्कधर्मी, पांढरे कार्बोनेटचे मनोरे साठ मीटरपर्यंत उंच, आणि हायड्रोजन भरपूर कारण तिथे मॅग्माची उष्णता नाही तर ऑलिव्हिन दगडाची पाण्याशी क्रिया चालते. आणि तिथेही विरोधक आहेतच, जमिनीवरच्या गरम पाण्याच्या डबक्यांत जीव जन्मला म्हणणारे, कारण सुकणं-भिजणं तिथेच होतं. हा वाद या धाग्यावर आणू नका, पाचशे प्रतिसाद होतील आणि निष्पन्न काही नाही.

आता फॉस्फरस. २००२ मध्ये ब्येरुम आणि कॅनफिल्ड यांनी याच लोहाच्या पट्टेदार खडकांतला लोह आणि फॉस्फरसचा हिशेब मांडून उलटा निष्कर्ष काढला होता की जुन्या समुद्रात फॉस्फरस फारच कमी होता, लोहाने ओढून घेतल्यामुळे. मग काही वर्षांनी दुसऱ्यांनी दाखवलं की तेव्हा सिलिका इतकी होती की लोहकणांवरच्या जागा सिलिकाच अडवायची, म्हणून तो हिशेब चुकतो, फॉस्फरस जास्त असणार. मग २०१७ मध्ये राइनहार्ड आणि मंडळींनी हजारो खडकांचे आकडे काढून दाखवलं की उथळ समुद्रातल्या गाळात फॉस्फरस खऱ्या अर्थाने वाढला तो साधारण ८० कोटी वर्षांपूर्वीनंतर, त्याआधी दुष्काळच. आणि ऑक्सिजन नसलेल्या लोहमय पाण्यात ग्रीन रस्ट, व्हिव्हियनाइट अशी खनिजं होतात, तीही फॉस्फेट गिळतात, गंज नव्हता म्हणून फॉस्फेट मोकळा होता असं सरळ नाही. म्हणजे एकाच समुद्राबद्दल भरपूरही होता आणि नव्हताही, असं दोन्ही छापून आलंय. नवीन पेपर आला की लगेच प्रश्न सुटला म्हणायची घाई कशाला?

---

पिलबाराकर

मी बरीच वर्षं पश्चिम ऑस्ट्रेलियात लोखंडाच्या खाणीत काम करतो, ज्या दगडांबद्दल बोलताय ते आमच्या दारातले आहेत म्हणून लिहितो. मी संशोधक नाही, ग्रेड कंट्रोलवाला आहे, म्हणजे कुठला दगड गाडीत भरायचा आणि कुठला टाकून द्यायचा हे बघणं माझं काम.

पहिली गोष्ट, फॉस्फरस हा शब्द इथे शिवीसारखा आहे. खनिजात फॉस्फरस थोडाही वाढला की पोलाद ठिसूळ होतं आणि गिऱ्हाईक भाव पाडतं, म्हणून प्रत्येक नमुन्यात तो मोजला जातो. ब्रॉकमन थरातल्या खनिजात तो जास्त, मारा माम्बा थरात कमी, आणि त्यावरून मिश्रणं ठरतात. आणि गंमत म्हणजे खनिजातला हा बराचसा फॉस्फरस गोएथाइटला धरून बसलेला असतो, म्हणजे पुन्हा लालमातींचं जांभ्याचंच गणित, लोहाच्या गंजाला चिकटलेला, काढायला कठीण. पण तो गोएथाइट फार नंतरचा, दगड पाण्याने कुजून खनिज झालं तेव्हाचा. त्यावरून जुन्या समुद्राबद्दल काही सांगता येत नाही. संशोधक मंडळी आमच्या भारी खनिजाकडे बघतसुद्धा नाहीत, त्यांना हवा असतो घट्ट गारगोटीसारखा चर्ट.

मार्बल बार नावाचं छोटं गाव आहे इथून आतल्या बाजूला, उन्हाळ्यात जीव नको होतो इतकं तापतं. तिथे कूनगन नदीच्या पात्रात लाल-पांढऱ्या-करड्या पट्ट्यांचा जास्परचा उघडा कडा आहे, पूर्वीच्या लोकांना तो संगमरवर वाटला म्हणून गावाचं नाव तसं पडलं. साधारण ३.४६ अब्ज वर्षांचा. पाणी टाकलं की रंग उजळतात, तोडून न्यायला मनाई आहे. वर्षानुवर्षं सगळे म्हणायचे की हा लाल रंग म्हणजे तेव्हाच्या समुद्रातला गंज, म्हणजे हेमॅटाइट तिथेच पडला. रासमुसेन यांच्या गटाचं म्हणणं वेगळं आहे: मूळ गाळ हिरवट ग्रीनॅलाइटचा होता आणि लाल रंग मागाहून आला. हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं म्हणतात, कारण सिलिका खूप लवकर गोठली आणि तिच्यात ते बारीक कण जसेच्या तसे अडकले, बाहेर जिथे सिलिकाचं कवच नव्हतं तिथे सगळं बदलून गेलं. म्हणजे शंकेखोर यांच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे: दगड दबला, तापला, भिजला, सगळं खरं, पण गारगोटीच्या आत पाणी शिरायला वावच नव्हता.

याच भागात ड्रेसर थरात ३.४८ अब्ज वर्षांचे स्ट्रोमॅटोलाइटही आहेत. म्हणजे गरम झऱ्यांचे दगड आणि जिवांच्या खुणा एकाच प्रदेशात आहेत हे नक्की. आता तेवढ्यावरून एकाने दुसऱ्याला जेवू घातलं असं म्हणावं का, ते टोचणी आणि खडकफोड्या यांनी ठरवावं, मी आपला गाड्या भरतो.

---

वास्कोची_लाट

इतकं सगळं झालं आणि आपल्या समुद्राचं कुणी काहीच बोललं नाही! मी गोव्याची, समुद्रविज्ञानात आहे, पण व्हेंटवाली नाही, पाण्यातल्या पोषकद्रव्यांची मोजमापं करते.

डिसेंबर २०२४ मध्ये वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने आणि चेन्नईच्या एनआयओटीने (राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था) मिळून हिंदी महासागरात साधारण साडेचार हजार मीटर खोलीवर चालू व्हेंटचा फोटो मिळवला, सागर निधी जहाजावरून स्वयंचलित पाणबुडी सोडून. मध्य हिंदी महासागरी कटकावर कैरेई नावाचं व्हेंटक्षेत्र जपान्यांनी २००० साली शोधलं होतं, तिथे ती लोखंडी खवल्यांची गोगलगाय सापडते, पायावर लोहाच्या सल्फाइडचे खवले असलेली, आणि खोल समुद्रातल्या खाणकामाचा धोका म्हणून धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत घातलेली ती पहिली प्रजाती, २०१९ साली. भारताकडेही या भागात सल्फाइड शोधायचा करार आहे, १० हजार चौरस किलोमीटरचा, तेव्हा हा विषय नुसता साडेतीन अब्ज वर्षं जुना नाही, हे कुणीतरी लक्षात ठेवा.

आता मुद्दा. आजचे व्हेंट फॉस्फरस घेतात हे बरोबर, पण लोहाच्या बाबतीत आजही ते देणारेच आहेत. पूर्वी वाटायचं की व्हेंटचं लोह तिथेच गंजून बसतं, समुद्राला काही उपयोग नाही. २०१५ मध्ये दक्षिण प्रशांत महासागरातल्या मोजमापांत दिसलं की कटकावरून निघालेलं विरघळलेलं लोह ४,००० किलोमीटरपेक्षा लांब गेलंय. बहुतेक सेंद्रिय रेणू त्याला धरून ठेवतात म्हणून ते पडत नाही. दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट पडून असतात आणि लोह नाही म्हणून प्लवक वाढत नाहीत, त्यामुळे खोलवरून येणाऱ्या अशा लोहाला किंमत आहे.

आणि फक्त लोह देऊन भागत नाही हेही आम्ही बघून बसलोय. २००९ मध्ये दोनापावलाच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने लोहाफेक्स प्रयोग केला, दक्षिण महासागरात साधारण ३०० चौरस किलोमीटरवर लोहाचं खत टाकलं. त्यावर पर्यावरणवाल्यांनी गदारोळ केला, जर्मन मंत्रालयाने मध्येच थांबवलं, मग परवानगी दिली. हिरवळ आली खरी, पण त्या पाण्यात सिलिका कमी म्हणून डायटम वाढलेच नाहीत, जे वाढलं ते बारीक प्राणीप्लवकांनी खाऊन टाकलं, आणि कार्बन खोल गेला तो अगदी थोडा. म्हणून कुठल्याही काळातल्या समुद्राबद्दल एक पोषकद्रव्य आलं म्हणजे जीव फोफावले, असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते बाकीची कुठे होती.

याच न्यायाने निकेलचं बघा. मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना निकेल लागतंच. २००९ मध्ये कॉनहाउझर यांच्या गटाने दाखवलं की पट्टेदार लोहखडकांतलं निकेल २.७ अब्ज वर्षांच्या सुमारास घसरायला लागलं, कारण पृथ्वीचं पोट थंड होत गेलं आणि निकेलने भरलेले लाव्हा यायचे कमी झाले. म्हणजे समुद्राखालून येणारा खाऊ बदलला की कोण जगणार तेही बदललं असणार. मला तर फॉस्फरसपेक्षा ही गोष्ट जास्त पटते, कारण इथे पुरवठा आणि त्याचा ग्राहक दोन्ही ठाऊक आहेत.

---

शंकेखोर

अरे बापरे, एका प्रश्नात एवढं मिळेल वाटलं नव्हतं. म्हणजे पाण्यात ऑक्सिजन नव्हता म्हणून तोच झरा तेव्हा जमेच्या बाजूला आणि आज खर्चाच्या बाजूला, एवढं माझ्या बँकेच्या डोक्यात शिरलं. पण टोचणी आणि लालमाती यांच्या शंका अजून उभ्याच आहेत, त्यांना कोण उत्तर देणार? आणि अजून एक, हे लोह आणि फॉस्फरस व्हेंटचंच कशावरून, नदीने आणलं नसेल कशावरून? थोडी का होईना, जमीन होतीच ना.

---

खडकफोड्या

आलो परत. शेवटच्यापासून सुरू करतो.

लोहाचं नक्की सांगता येतं आणि त्याचा साक्षीदार आहे युरोपियम. दुर्मिळ मृदा धातूंपैकी हा एक. बाकीचे भाऊ जवळपास सारखेच वागतात, पण खूप गरम आणि ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात युरोपियमचं रूप बदलतं आणि तो बेसॉल्टच्या फेल्डस्पारमधून जास्त सुटतो. म्हणून काळ्या धुराड्यांच्या पाण्यात युरोपियम शेजाऱ्यांच्या मानाने चढा असतो, नदीच्या पाण्यात तसा नसतो. आर्कियन काळातल्या पट्टेदार लोहखडकांत तो चढाच सापडतो. आपल्या धारवाड भागातल्या खडकांतही हे दिसलंय. म्हणजे गोव्यात डिचोलीकडच्या आणि आपल्या रेडीच्या खाणींतून जे खनिज जहाजात भरलं गेलं त्यातल्या लोहाचा मूळ स्रोत बऱ्याच अंशी जुन्या समुद्राच्या तळाचे गरम झरे होते असं म्हणायला हरकत नाही.

फॉस्फरसचं मात्र तसं नाही, आणि इथे टोचणींना त्रास देणारं सगळं खरं आहे. समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, आणि फॉस्फरसचा स्थिर समस्थानिक एकच, ३१ वजनाचा. कार्बन, गंधक, लोह यांचे दोन-दोन चार-चार समस्थानिक असतात, त्यांच्या प्रमाणावरून माल कुठून आला ते ताडता येतं. फॉस्फरसला ती सोयच नाही. म्हणून अॅपेटाइटचे कण ग्रीनॅलाइटच्या शेजारी बसलेत, दोघं एकाच वेळी पडलेत, म्हणून एकाच धुरातून आले, अशा शेजारावरूनच ओळख पटवावी लागते. पुरावा चांगला आहे पण अप्रत्यक्ष आहे. २०१७ च्या राइनहार्ड यांच्या आकड्यांशी मात्र याचं थेट भांडण नाही, ते उथळ समुद्रात किती फॉस्फरस गाडला गेला ते मोजतात, खोल पाण्यात किती आला ते नाही.

लालमाती, तुमचं 'पोत्यात आहे पण पिकाला मिळालं का' हे मला सगळ्यात आवडलं. तुमची शंका रास्त आहे, फक्त दोन गोष्टी धरा. एक, हे कण नॅनो आकाराचे आहेत, आणि कण जितका बारीक तितका वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, तुमच्याकडेही रॉक फॉस्फेट बारीक दळूनच देतात ते याचसाठी. दोन, केंब्रिजच्या निक टोस्का यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवलं की पाण्यात विरघळलेलं फेरस लोह असेल तर फॉस्फेटही पूर्वी गृहीत धरलं जायचं त्यापेक्षा खूप जास्त विरघळलेला राहू शकतो. म्हणजे जे लोह गंजल्यावर फॉस्फेट पळवतं तेच न गंजता त्याला पाण्यात ठेवायला मदत करतं. पण त्या कणांतला किती विरघळला आणि वरच्या उजेडाच्या पाण्यापर्यंत किती पोचला, याला दगडात थेट पुरावा नाही. खाल्लेलं दिसत नाही हे बरोबर. बेसॉल्टचा भुगा आणि ऑक्सिजन काढलेलं खारं पाणी बंद भांड्यात तापवून किती सुटतो ते मोजणं हा एक मार्ग, आणि त्याच वयाचा पण व्हेंटपासून लांब साठलेला चर्ट शोधून त्यात हे कण किती विरळ होत जातात ते बघणं हा दुसरा.

लाट ताई, निकेलचं मलाही पटतं, पण तोही हिशेब पट्टेदार खडकातल्या निकेल-लोह प्रमाणावरूनच काढलाय, म्हणजे त्या पाण्यात सिलिका किती होती हे गृहीत धरूनच. एकाला सूट आणि दुसऱ्याला नाही असं नको.

आणि कुणाला आपल्याकडचा दगड घेऊन हे बघायची हौस असेल तर गडचिरोलीतल्या सुरजागडचं किंवा रेडीचं भारी प्रतीचं खनिज घेऊन काही होणार नाही. ते भारी झालं तेच मुळात त्यातली सिलिका धुऊन गेल्यामुळे, म्हणजे पिलबाराकर म्हणतात ते कवचच गेलं. लाल आणि करड्या पट्ट्या शाबूत असलेला, हातोडीने सहज न फुटणारा, खाणवाले कमी प्रतीचा म्हणून बाजूला टाकतात तो दगड मागून घ्या, आणि त्यातही पट्टी जितकी गारगोटीसारखी तितकी बरी.